जॅक उचलतो, धरून ठेवत नाही

गणपती तोंडावर आले की मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांच्या बातम्या सुरू होतात आणि सोसायट्यांच्या आवारात कोकणात निघालेल्या गाड्या जॅकवर चढतात. चाक काढून ब्रेकपॅड बघणं, तळाला कुठे मार लागलाय का ते तपासणं ही कामं घरी जरूर करावीत. पण डिकीतल्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरलेलं दिसलं की पोटात गोळा येतो. छोट्या हॅचबॅकचं वजनही 700 किलोच्या आसपास असतं.

तो जॅक रस्त्याकडेला चाक बदलण्यापुरताच असतो. त्याचा पाया तळहाताएवढा. गाडी किंचित सरकली तरी तो कलंडतो. ट्रॉली जॅक भक्कम दिसतो, पण उभा असतो तेलाच्या दाबावर. आतलं सील गळू लागलं की गाडी खाली येते. उचललेली गाडी धरून ठेवायला दुसरा आधार हवाच, आणि घरगुती जुगाड करायचाच तर तो या आधारासाठी करावा.

त्यासाठी विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात नकोत. भिंतीत भार सारखा पसरतो, गाडीचा भार मात्र एकाच बिंदूवर येतो आणि ब्लॉक कसलीही चाहूल न देता फुटतो. लाकूड आधी दबतं, करकरतं, सावध करतं. कोसळलेल्या इमारतींत शिरणारी बचाव पथकं म्हणूनच लाकडाचे आधार रचतात. वखारीतून 4 बाय 4 इंचांचे, दीड फूट लांबीचे न तडकलेले तुकडे कापून आणा. दोन समांतर, त्यांवर दोन आडवे, असे थर चढवा. रचलेली उंची पायाच्या रुंदीहून कमीच ठेवा. सगळ्यात वरचा थर मात्र सलग भरा आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या मजबूत जागेखालीच येऊ द्या. शिवाय काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. हा जादाचा आधार फुकटात मिळतो.

विकतचे जॅक स्टँड उत्तमच, पण तेही डोळे झाकून घेऊ नयेत. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीने लाखो स्टँड परत मागवले, कारण त्यांचे दात भाराखाली निसटू शकत होते. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडचं वेल्डिंगही पुढे सदोष निघालं.

जमीन सपाट आणि कडक हवी. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा.

सगळं रचून झालं की बाहेर उभं राहून गाडी हाताने हलवून बघा. जराही डुलली, तर खाली शिरू नका. ते काम गॅरेजवाल्याकडे द्या.