ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापताना शाई कोणती, सॉफ्टवेअर कोणतं?

भिलाईहून बोलतोय.

इथली पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्या काळात नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत लग्नाचे, बारशाचे, क्वार्टरपुढे उभं राहून काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो अजून सापडतात. त्यातली प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची असते, म्हणून नीट ठेवलेले फोटो साठ-साठ वर्षं टिकले. आता ते स्कॅन करून भावंडांत वाटायचे, तर नवी प्रत जुन्याच्या आधी बिघडायला नको. त्यासाठी काय बघायचं?

आधी प्रिंटर करडा रंग कसा बनवतो ते समजून घेऊ. काळी शाई एकच असेल, तर फिका करडा दाखवायला तो काळे ठिपके दूर दूर टाकतो. मग आजीच्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसतो. हे टाळायला प्रिंटर निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून करडा बनवतो. फोटो गुळगुळीत येतो. पण खिडकीजवळ एक छटा, ट्यूबलाइटखाली दुसरीच. शिवाय तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. काही वर्षांत चेहरा हिरवट किंवा लालसर होतो.

म्हणून प्रिंटर घेताना विचारा, करड्या शाया किती? एप्सनच्या अल्ट्राक्रोम के-थ्री संचात काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी, अशा तीन पातळ्या आहेत. कॅननच्या प्रो-१००० मध्ये काळ्याच्या जोडीला दोन करड्या आहेत. घरोघरी दिसणाऱ्या एप्सन एल-८०५ मध्ये सहा शाया असल्या, तरी करडी एकही नाही.

दुसरा प्रश्न, डाय की पिगमेंट? डाय पाण्यात साखरेसारखी विरघळलेली असते. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारी बारीक भुकटी. उजेडात आणि हवेत साधारणपणे पिगमेंट जास्त टिकते. त्यातला काळा म्हणजे कार्बन, आपलं काजळच. जुन्या पोथ्यांचा कागद पिवळा पडतो, पण काजळाच्या शाईचं अक्षर काळंच राहतं. अमेरिकेतल्या जॉन कोन यांच्या पीझोग्राफी पद्धतीत रंगीत शायांच्या जागी कार्बनच्या कमी-जास्त गडद शाया भरतात. मात्र मग तो प्रिंटर रंगीत फोटोंच्या कामाचा राहत नाही.

आता सॉफ्टवेअर. एप्सनच्या फोटो प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय असेल, तर तिथूनच सुरुवात करा. त्यात मुख्य काम काळ्या-करड्या शाया करतात. छटेपुरता रंग अगदी थोडा पडतो. प्रत्येक शाई किती पडावी हे स्वतः ठरवायचं असेल, तर रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोनरिप आहे. ते मुख्यतः एप्सनसाठी आहे आणि प्रत्येक मॉडेलवर चालत नाही. आधी यादीत आपलं मॉडेल बघा. करड्या शायाच नसतील, तर कुठलंही सॉफ्टवेअर त्या आणून देणार नाही. म्हणून पैसे आधी शाईवर घाला.

फोटो छापण्याआधी एक पट्टी छापा: शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने एकवीस चौकोन. शेवटचे तीन-चार गडद चौकोन एकच दिसले, तर काळ्या कोटाच्या घड्या फोटोत येणार नाहीत. कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये बरोबर निवडला आहे का, ते तपासा. ग्लॉसीला फोटो ब्लॅक, मॅटला मॅट ब्लॅक. पट्टी एकदा खिडकीशी आणि एकदा दिव्याखाली धरा.

आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पिगमेंटचा प्रिंटर महिनाभर बंद ठेवू नका, नोझल चोक होतात. आठवड्याला एक पान छापा. तयार फोटो काचेमागे लावा, पण समोरच्या खिडकीतून ऊन पडेल अशा भिंतीवर नको.

घरातला सगळ्यात जुना फोटो आधी स्कॅन करून ठेवा. प्रिंटर नंतर घेता येईल.