प्रकल्प मूल्यमापन आणि जोखमीची मालकी : दाभोळ वीज प्रकल्प

भांडवली प्रकल्पापासून अपेक्षित रोख प्रवाह वटाव दराने आजच्या मूल्यात आणून त्यातून प्रारंभिक गुंतवणूक वजा केली की निव्वळ वर्तमान मूल्य मिळते. जोखीम अधिक असेल तर वटाव दरही अधिक धरावा, असा संकेत आहे. ती जोखीम कोणाच्या माथी आहे, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकांत बहुधा मागे पडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पात तोच निर्णायक ठरला. एन्रॉनप्रणीत दाभोळ पॉवर कंपनी आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. दर डॉलरशी व इंधनाच्या किमतीशी निगडित होता. वीज उचलली नाही तरी मंडळाला स्थिर आकार द्यावाच लागणार होता. विनिमय दर, इंधन आणि मागणी या तिन्ही जोखमी अशा रीतीने खरेदीदाराकडे गेल्या व कंपनीच्या कागदावर रोख प्रवाह निश्चित दिसू लागले. पुढे रुपया घसरला, नाफ्था महागला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्याची वीज घेणे मंडळाने २००१ मध्ये थांबवले. कराराने दूर सारलेली जोखीम खरेदीदाराच्या पतजोखमीच्या रूपाने कंपनीकडेच परतली. संवेदनशीलता विश्लेषणात विनिमय दर व इंधन यांच्या जोडीला खरेदीदाराची देयक्षमता हे चलही घ्यावे लागते, ते यामुळेच. शासकीय हमी असली तरीही.