वाक्याच्या शेपटाला ‘म्हणून’

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात, एकच निरोप चार भाषांत ऐकू येऊ शकतो. मराठीत ‘उद्या येतो म्हणून सांगितलं’. पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत ‘रेपु वस्तानु अनि चेप्पाडु’. अक्कलकोटकडच्या कन्नडात ‘नाळे बर्तीनि अंत हेळ्यान’. दखनीत ‘कल आता बोलके बोल्या’.

शब्द निराळे, घडण एकच. आधी बोलणं, मग ‘म्हणून’, शेवटी सांगितल्याचं क्रियापद. खरं नवल पुढेच आहे. तो मधला शब्द चौघींनीही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासूनच घडवलाय. मराठीत ‘म्हण’ला ‘ऊन’ लागला, तेलुगूत ‘अनु’चं ‘अनि’ झालं, दखनीत ‘बोल’ला ‘के’ जोडला. कन्नड ‘अंत’च्या मुळाशीही ‘अन्नु’च आहे. आणि या शब्दाला नुसतं बोलणं पोचवून भागत नाही. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात तो कारण सांगतो, ‘राजू म्हणून एक मुलगा’ यात नाव. तेलुगू-कन्नडातही ही दोन्ही कामं तोच करतो.

शेजारी राहून व्याकरणं अशी जवळ येतात. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू एकत्र नांदत होत्या. तिथल्या बोलींवरचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला. वाक्यरचना इतक्या जुळल्या होत्या, की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येई.

असा शब्द शेजाराशिवायही घडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेतही ‘म्हणणे’पासून आलेला ‘बे’ हेच काम करतो, फरक जागेचा. तिथे क्रियापद कर्माच्या आधी येतं, आणि ‘बे’ही उपवाक्याच्या आधी. अशा जागांचा मेळ भाषाशास्त्रज्ञांनीही शोधला. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली 30 भाषा ताडून शब्दक्रमाचे नियम मांडले. क्रियापद शेवटी असलं, की ‘वर’, ‘खाली’सारखे शब्दही बहुधा नामामागून येतात, हा त्यातलाच एक. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींच्या परंपरेत पुढे अशा नियमांना सिद्धान्ताचं रूप आलं: वाक्यांशाचा मुख्य शब्द, मग ते क्रियापद असो, ‘वर’ असो की ‘म्हणून’, एक तर आधी, नाही तर शेवटी, भाषेनं बाजू निवडायची.

मराठीनं मात्र दोन्ही बाजू ठेवल्या. ‘तो म्हणाला की उद्या येतो’ यात जोडणारा शब्द आधी. ‘उद्या येतो म्हणून म्हणाला’ यात मागून. इतकंच कशाला, ‘त्यानं सांगितलं की उद्या येतो म्हणून’ हेही सर्रास कानावर पडतं. उपवाक्याला दोन्हीकडून कड्या, आणि ऐकणारा कुठेच अडत नाही.