‘काही हवंय का?’ असं विचारू नका

मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीचा हँडओव्हर घेताना माझी नजर आधी पेशंटच्या मनगटावर जाते. आमच्याकडे पिवळा पट्टा म्हणजे पडण्याचा धोका.

तो पट्टा अंदाजाने बांधत नाहीत. मोर्स फॉल स्केलवर गुण मोजायचे. नुकताच कधी पडला असेल तर 25, हाताला सलाईन किंवा कॅन्युला असेल तर 20, जोडीला दुसरा आजार असेल तर 15. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्याला 15, पण खाट-टेबल धरत चालणाऱ्याला 30. ते का, हे वॉर्डात लगेच कळतं: आधाराला धरलेलं लॉकर आणि सलाईनचा स्टँड, दोन्ही चाकांवर. बेरीज 45 किंवा वर गेली की सहसा धोका जास्त धरतात.

पेशंट केव्हा उठेल, हे मात्र आकडा सांगत नाही. संध्याकाळी उशिरा लघवी वाढवणारं लॅसिक्स गेलं असेल तर रात्रभर लघवीच्या फेऱ्या. त्यात झोपेची गोळी असली तर तोल आणखी जातो.

एकदा पहाटे हृदयविकाराचे एक आजोबा कठडा वर असताना सरकत सरकत पायथ्याच्या फटीपर्यंत पोचले होते. आजी खाली चटईवर झोपलेल्या.

“बाबा, कुठे निघालात?”

“हळू बोला, सिस्टर. ती आत्ता कुठे झोपलीय.”

“मग बेल का नाही दाबलीत?”

“तुम्हाला तरी किती कामं!”

उठायचं ठरवलेल्या माणसाला कठडा अडवत नाही. उलट तो ओलांडताना पडला, तर जास्त उंचीवरून पडतो. म्हणून बोलावण्याची वाट न बघता आपणच जायचं. त्यातही ‘काही हवंय का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: नको. ‘चला, लघवीला जाऊन येऊ’ म्हटलं की चादर बाजूला होते.

पण लगेच उभं करायचं नाही. खाटेचे ब्रेक बघायचे, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवायचं, गरगरतंय का विचारायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 ने उतरलं, तर चालवायचं नाही. भांडं खाटेवरच आणायचं. लुंगी घोट्याच्या वर खोचायची, झिजलेली स्लीपर बदलायची. अशक्त बाजूला आपण उभं राहायचं. संडासाचं दार लोटायचं, कडी लावू द्यायची नाही. पुरुष पेशंट इथे फार अवघडतात, तेव्हा वॉर्डबॉय मामांना दाराशी उभं करायचं.

एवढं करूनही कुणी पडलाच, तर नातेवाईक बखोटीला धरून उचलायला धावतात. आधी त्यांना थांबवावं लागतं. डोकं आपटलंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, हे बघितल्याशिवाय हलवायचं नाही.

दिवे मालवण्याआधी मी आता आजींनाच बोलायला लावते, “अहो, रात्री उठायचं झालं तर मला हाक मारा.” सिस्टरनं सांगितलेलं आजोबा हसण्यावारी नेतात. आजींनी बजावलं की निदान हाक तरी मारतात.