भिवंडीची वाहतूक आणि मोजणीबाहेरची माणसे

भिवंडी म्हटले की यंत्रमाग डोळ्यांसमोर येतो. पण गेल्या काही दशकांत यंत्रमागाच्या जोडीला गोदामे आली. मुंबईत जुलै २०१७ पर्यंत जकात होती. जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, ही व्यापाऱ्यांची सोय होती. त्यातून मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ या गावांच्या शिवारात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. जकात गेली, गोदामे राहिली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ७,०९,६६५ माणसे मोजली गेली. यंत्रमाग कामगारांच्या या दाट वस्तीच्या अंगावरून ट्रक आणि कंटेनर जातात. अंजूरफाटा, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका येथे काय होते, हे तेथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या कोंडीवर उपाय करावयाचा तर आधी ती मोजली पाहिजे. जुनी पद्धत अशी की नाक्यावर माणसे बसवावयाची आणि वहीत रेघा मारून वाहने मोजावयाची. त्यातून एका जागेवरून एका दिवशी किती वाहने गेली ते कळते. ती कोठून आली, कोठे किती वेळ अडकली, हे कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आता उपग्रहाच्या साहाय्याने वाहनांचा माग ठेवण्याची पद्धत जगभर वापरली जाते. उद्याचे रस्ते, पूल, ट्रकतळ या मोजणीवरून ठरणार असतील, तर ती कशी चालते हे चळवळीतल्या माणसानेही समजून घेतले पाहिजे.

पहिला गैरसमज दूर करू. उपग्रह आपल्याला पाहत नाही. तो फक्त आपली वेळ आणि आपली जागा सतत प्रक्षेपित करतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. १९९५ साली यंत्रणा पूर्ण झाली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. मे २००० पर्यंत सामान्य माणसासाठीचा संदेश मुद्दाम अंधुक ठेवला जात असे. ट्रकमधले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश घेते. संदेश यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहांचे अंतर निघते, आणि अंतरांवरून ट्रकची जागा. तीन अंतरांनी जागा ठरते. चौथे लागते ते ट्रकमधल्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. मग हेच यंत्र मोबाईलच्या जाळ्यातून वाहनाची ओळख, वेळ, जागा आणि वेग दूरच्या संगणकाकडे पाठवते. म्हणजे माहिती आकाशात साठत नाही. ती ज्याच्या संगणकात जाते, त्याच्या मालकीची होऊन बसते.

पुढचे गणित सोपे आहे. समजा, अंजूरफाट्याजवळचा दोन किलोमीटरचा पट्टा पहाटे एका ट्रकने पाच मिनिटांत ओलांडला आणि संध्याकाळी तसाच दुसरा ट्रक तेथे चाळीस मिनिटे राहिला. पहाटेचा वेग ताशी २४ किलोमीटर, संध्याकाळचा ३. अशा शेकडो फेऱ्या जमा केल्या की कोणता पट्टा कोणत्या वेळी तुंबतो याचा नकाशा तयार होतो. बीजिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेहतीस हजारांहून अधिक टॅक्सींच्या नोंदींवरून शहरातले वेगवान मार्ग शोधून काढले होते. कोठला ट्रक कोणत्या गोदामाकडे जातो हेही नोंदींतून दिसते. त्यावरून ट्रकतळ कोठे असावा, अवजड वाहनांना कोणत्या वेळी सोडावे, हे अंदाजपंचे न ठरवता ठरवता येते. हे साधन उपयोगाचे आहे, यात शंका नाही.

पण त्याच्या मर्यादा आहेत. जागेत काही मीटरची चूक राहतेच. राजीव गांधी उड्डाणपुलासारख्या ठिकाणी वाहन पुलावर आहे की पुलाखाली, हे नुसत्या ठिपक्यावरून नीट सांगता येत नाही. ट्रक दोन तास उभा आहे म्हणजे कोंडीत आहे, माथाडी कामगार माल उतरवीत आहेत, की चालक थकून झोपला आहे? ठिपका यातले काही सांगत नाही. शिवाय ज्या वाहनांत यंत्र आहे तेवढ्यांचाच वेग कळतो. रस्त्यावर एकूण किती वाहने आहेत हे कळत नाही.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. मोजणीत कोण येतो? केंद्र सरकारच्या नियमाने जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र सक्तीचे झाले. परंतु दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या गेल्या. भिवंडीचा कष्टकरी तर शेअर रिक्षाने जातो, नाहीतर पायी. बारा तासांची पाळी संपवून रस्ता ओलांडणारा मागवाला, कापडाचे तागे ओढणारा हातगाडीवाला, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, यांचा ठिपका कोठेच उमटत नाही. २०२० साली सायमन वेकर्ट या जर्मन कलावंताने लहानशा हातगाडीत ९९ मोबाईल भरून ती बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यावरून ओढली, आणि गुगलच्या नकाशावर त्या रस्त्यावर वाहतूककोंडी दिसू लागली. हातगाडीत मोबाईल होते म्हणून नकाशाने तिची दखल घेतली. आमच्या हातगाडीत ओझे असते.

हा केवळ तांत्रिक दोष समजून सोडून देता येणार नाही. वाहनाचा वेग हेच माप धरले, की वेग कमी करणारी प्रत्येक गोष्ट अडथळा ठरते. मग फेरीवाला अडथळा, रस्त्याकडेची झोपडी अडथळा, रस्ता ओलांडणारे पोरही अडथळा. नकाशावरची लाल रेघ पुसण्यासाठी बुलडोझर आणावा, असे संगणक सांगत नाही. ते माणसे ठरवतात. पण नकाशात ज्याची नोंदच नाही, त्याला हलवताना ठरवणाऱ्याला काही मोडल्यासारखे वाटत नाही. ट्रकचे वाचलेले अर्धे तास कागदावर येतात, उठवलेल्या कुटुंबाच्या रोजच्या वाढलेल्या पायपिटीचा हिशेब कोणी मांडीत नाही.

आणि कष्टकऱ्याची मोजणी होते तेव्हा ती कशासाठी होते? नागपूर, नवी मुंबई, चंडीगड येथील महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. सफाईचे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. कामगार किती वेळ कोठे थांबला हे घड्याळ सांगते. त्याला हातमोजे मिळाले काय, पाणी प्यायला जागा आहे काय, हे सांगत नाही. एकच यंत्र ट्रकसाठी सोय होते आणि माणसासाठी मुकादम होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो झाडूवाल्यालाही लागू आहे.

म्हणून यंत्राला विरोध करून भागणार नाही. मोजणीवर हक्क सांगावा लागेल. भिवंडी-निजामपूर महापालिका आणि आसपासच्या गावांचे नियोजन पाहणारे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांना माहितीच्या अधिकारात विचारता येते: कोणती वाहने मोजली, किती, कोणत्या वेळी, आणि पादचारी मोजले काय? विकास आराखड्यावर हरकती घेता येतात. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण केल्याविना त्यांना उठवता येत नाही.

आणखी एक काम आपल्या हातातले आहे. जुनी वही अजून निकामी झालेली नाही. महाविद्यालयातल्या दहा विद्यार्थ्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी धामणकर नाक्यावर आठवडाभर उभे राहावे. पायी जाणारे, रिक्षातले, हातगाडीवाले मोजावेत. रस्ता ओलांडण्यासाठी किती वेळ ताटकळावे लागते तो लिहावा. तो तक्ता ट्रकच्या नकाशाशेजारी ठेवावा, आणि मग विचारावे की हा रस्ता कोणासाठी रुंद होणार आहे.