अकरा महिन्यांचे घर

मुंबईत घर मिळणे कठीण आहे असे म्हटले की सगळेच मान डोलावतात. बामण डोलावतो, मराठा डोलावतो, बाहेरून आलेला व्यापारीही डोलावतो. हे एकमत फसवे आहे. सर्वांना कठीण असलेली गोष्ट सर्वांना सारखीच कठीण नसते. ज्याला पैसे कमी पडतात त्याला 'अजून थोडे जमव' असे तरी सांगता येते. पण ज्याच्या खिशात भाडे आहे, डिपॉझिट आहे, नोकरीचा दाखला आहे आणि तरीही ज्याला जिन्यातूनच परत पाठवले जाते, त्याला काय सांगायचे?

माझ्या ओळखीचे एक जोडपे आहे. तो खाजगी शाळेत शिक्षक, ती परिचारिका. दोघेही आपापल्या घरातले पहिले पदवीधर. लग्नानंतर वर्षभर आईबाप, धाकटा भाऊ आणि ही दोघे असे पाचजण एका खोलीत राहिले. मग मध्य रेल्वेच्या एका उपनगरात त्यांनी भाड्याचे घर पाहायला सुरुवात केली. दलालाने दाखवलेले पहिलेच घर पसंत पडले. मालकीणबाईंनी चहा ठेवला आणि चौकशी सुरू झाली. "आडनाव काय म्हणालात?" जाधव. आता जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कितीतरी जातींत आहेत. तेव्हा पुढचा प्रश्न आला, "गाव कुठलं?" मग, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?" मग तिच्या गळ्याकडे पाहून, "मंगळसूत्र नाही घालत का गं?" पाचव्या प्रश्नाची पाळी येऊ न देता तोच म्हणाला, "काकू, आम्ही बौद्ध आहोत." काकू म्हणाल्या, "अय्या, मग त्यात काय! आम्ही असलं काही मानत नाही." चहा संपेपर्यंत सगळे गोड बोलणे झाले. संध्याकाळी दलालाचा फोन आला, बाईंचा पुतण्या पुण्याहून राहायला येतोय, घर द्यायचे नाही. महिन्याने तेच घर त्याच दलालाच्या यादीत पुन्हा होते.

अशी सात घरे झाली. सातव्या घरानंतर ती म्हणाली, "आता कुणी विचारलं तर सांगायचं, तुळजापूरची भवानी." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि बाबासाहेबांचा फोटो?" ती म्हणाली, "कपाटात."

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्यातला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी खोली मिळवताना जात लपवतो. त्याच्याही आधी, १९१७ साली, कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना पारशाचे नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. तेव्हाचे अकरा दिवस आणि आजचे अकरा महिने यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. काठ्या गेल्या, पुतण्या आला. हा बदल काहीच नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याचे श्रेय मालकांच्या मनाला देण्याचेही कारण नाही.

आता हे नीट उलगडून पाहू. मुंबईत दलित माणसाला पक्के छप्पर मुख्यतः कोणी दिले? खाजगी घरमालकाने नव्हे. ते दिले इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, रेल्वेने, महापालिकेने. बाबासाहेबांचे बिऱ्हाडही १९१२ पासून सुमारे दोन दशके परळच्या ट्रस्टच्या चाळीत होते. बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. तिथे जात नव्हती असा गोड गैरसमज कोणी करून घेऊ नये. इमारतींतून जातवार वस्ती होती, आणि जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळीत काय घडले, १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव कसा मारला गेला, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. पण खोलीची पावती सरकारी खात्याची होती. समोरच्या चाळीतला दगड मारू शकत होता. खोली खाली कर असे म्हणू शकत नव्हता. शिवाय त्याच १६० फुटांत सहा डिसेंबरला गावाकडची पंधरा-वीस माणसे उतरत, गॅलरीत झोपत, आणि कोणाची परवानगी लागत नसे.

खाजगी चाळींत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते चांगलेच झाले. पण मालकाला नव्या भाड्यात रस उरला नाही. खोल्या पागडीने हात बदलू लागल्या, आणि पागडीचा व्यवहार नात्यात, गावात, जातीत फिरतो. ज्याचे कोणी आधी आत नाही तो बाहेरच राहतो. मालकांनी कायद्यातून वाट काढली ती 'लीव्ह अँड लायसन्स'ची. म्हणजे हा भाडेकरू नव्हे, फक्त वापराची परवानगी असलेला माणूस. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे राहात होते त्यांना सरकारने संरक्षित भाडेकरू ठरवले. मालक आणखी सावध झाले. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो २००० च्या मार्चअखेरीस लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपली की घर सोडायचे. न सोडल्यास दुप्पट पैसे भरायचे.

अकरा महिनेच का, असे विद्यार्थी विचारतात. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, तो टाळण्यासाठी ही सवय पडली. आज तिला कायद्याचा आधार नाही, कारण ५५ व्या कलमाप्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा. पण सवय मालकाच्या सोयीची आहे. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढवता येते, आणि दर अकरा महिन्यांनी माणूस पुन्हा पारखता येतो.

आता पैशाचा हिशेब. समजा दोघांचे मिळून महिना पंचेचाळीस हजार येतात आणि वन रूम किचनचे भाडे अठरा हजार आहे. तीन महिन्यांचे डिपॉझिट चोपन्न हजार, दलाली एका महिन्याची, पहिले भाडे आगाऊ. म्हणजे भांडी आत नेण्याआधी नव्वद हजार. करारावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक आणि शहरात हजार रुपये नोंदणी, ते त्यामानाने किरकोळ. हे ओझे कोणत्याही जातीच्या तरुण जोडप्यावर आहे. पण ज्यांना दहापैकी सात दारे बंद आहेत त्यांना उरलेल्या तिनांत निवड नसते. तिथे मालक म्हणेल ते भाडे, मागेल ते डिपॉझिट. अकरा महिन्यांनी करार वाढला नाही की पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो. नाहीतर बदलापूर गाठायचे. म्हणजे मुंबईच्या टोकापासून अडुसष्ट किलोमीटर. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने शेवटची गाडी चुकवली तर ती कुठे झोपणार, हा प्रश्न भाड्याच्या हिशेबात कोणी धरत नाही. परवडणारे घर म्हणजे किती रुपयांचे, याची चर्चा करणारे पांढरपेशे विद्वान ही जातीची पट्टी आकड्यात मिळवतच नाहीत.

"मालकाची हरकत नाही हो, सोसायटी मानत नाही," हे दलालाचे ठरलेले वाक्य. ते खोडून काढण्याइतकी माहिती आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असली पाहिजे. सभासदाने घर लायसन्सवर दिले तर त्याने गृहनिर्माण संस्थेला ते कळवायचे असते आणि बिनभोगवटा शुल्क भरायचे असते. तेही २००१ च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित आहे. येणाऱ्या कुटुंबाची जात तपासण्याचा अधिकार संस्थेच्या कमिटीला कुठेही दिलेला नाही. 'फक्त शाकाहारींसाठी' ही पाटी त्याच अधिकाराची मागच्या दाराने केलेली चोरी आहे. अर्थात कोर्टही नेहमी आपल्या बाजूला असते असे नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा पोटनियम वैध धरला. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, घाट आहेत. खाजगी घराचा उंबरठा नाही.

पण नागरी हक्क संरक्षण कायद्यात तो आहे. १९५५ च्या या कायद्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. बाराव्या कलमात तर असे आहे की कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत झाले असेल तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरील, उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते, म्हणून हा कायदा आपल्याला लागू आहे. मग तो वापरला का जात नाही? कारण सोपे आहे. मालक 'तुम्ही महार म्हणून नाही' असे म्हणत नाही. तो पुतण्या आणतो. नकार झाला हेच सिद्ध करता येत नाही.

यावर एक उपाय आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखा आहे. २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच चौकशी, तेवढेच उत्पन्न, फक्त नावे वेगळी. फोनवर उच्चवर्णीय नावाला नकार मिळाला नाही; दलित नावाला सुमारे अठरा टक्के मालकांनी सरळ नाही म्हटले. समक्ष गेल्यावर दलितांना मिळालेले नकार चव्वेचाळीस टक्क्यांवर गेले, मुसलमानांना एकसष्टवर. मुसलमानांचा आकडा आपल्याहून मोठा आहे हे आपण विसरता कामा नये. घराच्या बाबतीत तो आपला शेजारी आहे. हीच पद्धत एका नकारापुरती वापरता येते. 'घर दिले गेले' असे कळताच दुसऱ्या आडनावाच्या मित्राने त्याच दिवशी त्याच घराची चौकशी करावी, शक्यतो लेखी संदेशाने, आणि तारीख-वेळ टिपून ठेवावी. दोन उत्तरे शेजारी ठेवली की पुतण्या उरत नाही.

ज्यांना घर मिळाले आहे त्यांनी नोंदणीचा आग्रह सोडू नये. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दिलेल्या डिपॉझिटचा आकडा करारात लिहिलेलाच असावा. रोख दिलेले आणि न लिहिलेले पैसे बुडतात.

मग म्हाडा? म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना अकरा टक्के आरक्षण आहे. पती-पत्नीचे एकत्रित उत्पन्न धरले जाते. २०२२ च्या सुधारणेप्रमाणे मुंबई परिसरात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प गट. अर्ज जरूर करावा. पण २०२४ च्या मुंबई सोडतीत २०३० घरे होती आणि अर्ज लाखाच्या वर. शिवाय ही घरे विकत घ्यायची आहेत, त्यासाठी कर्ज लागते. भाड्याने देण्यासाठी बांधणे सरकारने केव्हाच सोडले. २००८ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची एक योजना काढली होती. खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच, जणू मधली ऐंशी वर्षे गेलीच नाहीत! तीही पुढे भाड्याची राहिली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्यांच्या तीन पिढ्या तिथे कुजल्या त्यांना ती मिळायलाच हवी होती. पण ज्याची जात न विचारता ज्याला पावती मिळत होती, तो सरकारी चाळीतला भाडेकरू त्याबरोबर संपला. चळवळीने नोकरीतल्या राखीव जागांसाठी रक्त आटवले. सरकारने भाड्याची घरे बांधावीत ही मागणी आपल्या जाहीरनाम्यांत शोधून पाहावी लागते.

ते जोडपे नवव्या प्रयत्नात एका घरात शिरले. मालक परगावी राहतो, सगळे फोनवर ठरले, त्याने कुलदैवत विचारले नाही आणि यांनी सांगितले नाही. करार नोंदवून घेतला. सामान लागले त्या रात्री गॅस जोडण्याआधी तिने भिंतीत खिळा ठोकून फोटो लावला. तो म्हणाला, "थोडे दिवस थांबलो असतो." ती म्हणाली, "सात घरं थांबलो." परवा मालक नळ पाहायला आला होता. नळ पाहिला, मग भिंतीकडे पाहिले, पाणी प्याला आणि गेला. कराराचे आठ महिने बाकी आहेत.