गाळाखालून येणारे पाणी
दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या वाळूवर उभ्या आहेत. त्यांच्या विहिरींत येते ते याच वाळूत मुरलेले पावसाचे पाणी. समुद्राच्या पाण्यापेक्षा ते हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरीतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असावे, असे गायबेन-हर्झबर्ग नियम सांगतो. हे पाणी हळूहळू वहाळांकडे, खाजणांकडे आणि समुद्राकडे सरकते. ओहोटीला पुळणीवर पाझर दिसतात ते बहुधा त्याचेच.

बाहेर पडताना त्याला तळाच्या गाळातून जावे लागते. प्रदूषणाचे बरेचसे भवितव्य तिथे ठरते.

चिखलात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू जवळपास नसतो. तिथले जिवाणू नायट्रेटचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, तर सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तांबे, जस्त, शिसे त्या सल्फाइडशी जखडून राहतात. भूजल संथपणे झिरपले, तर या क्रियांना वेळ मिळतो. ते वाळूच्या पट्ट्यांतून किंवा खेकड्यांच्या बिळांतून वेगाने वर आले, तर नायट्रेट तसेच पाण्यात उतरते. लोहयुक्त भूजल हवेला भेटते तिथे वाळूवर तांबूस थर जमतो आणि तो फॉस्फेट धरून ठेवतो. पुढे त्याच थराचा प्राणवायू तुटला, की लोह विरघळते आणि फॉस्फेट मोकळे होते.

म्हणूनच वाळूतल्या शोषखड्ड्यांचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. गावात पर्यटकांसाठी घरगुती सोयी वाढल्या, तसे जमिनीत मुरणारे सांडपाणीही वाढते, आणि वाळू ते फारसे अडवत नाही. अमेरिकेतील केप कॉडच्या वाकॉइट उपसागरात घरोघरच्या शोषटाक्यांतील नायट्रोजन भूजलावाटे पोहोचला, शेवाळ माजले आणि समुद्रगवताची कुरणे आक्रसली. तिथे कोणताही मोठा नाला दोषी नव्हता. नुसते नाले मोजून खाडीचे आरोग्य कळेल, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

उन्हाळ्यात शिंपण्यासाठी उपसा वाढतो आणि पातळी खाली जाते. मग प्रवाह उलटू शकतो: खारे पाणी आत शिरते, विहीर मचूळ होते आणि गाळातली द्रव्येही जमिनीकडे ओढली जातात.

प्रदूषित गाळावर स्वच्छ वाळूचा थर पसरणे हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे. पण खालून भूजलाचा दाब असेल, तर विरघळलेली द्रव्ये त्या थरातूनही वर येतात. त्यामुळे आधी पाझर मोजावा लागतो. त्याचे साधन साधे आहे: पिंपाचा कापलेला, एका बाजूने बंद तुकडा तळात उपडा रोवायचा आणि त्याच्या तोटीला थोडे पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी बांधायची. ठरावीक वेळेत पिशवीत जमलेल्या किंवा तिच्यातून कमी झालेल्या पाण्यावरून प्रवाहाचा वेग आणि दिशा दोन्ही कळतात. भरती-ओहोटीला आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर ही मोजणी वेगवेगळी घ्यावी लागते.